मुक्तीच्या आवारात एक दिवस

पुण्यात एका दिवसाच्या सहलीचा विषय निघाला की ठरलेली नावं पुढे येतात. सिंहगड, थेऊर, मोरगाव, फार तर भुलेश्वर. ‘चला, केडगावला जाऊ या’ असं म्हणणारी बाई मला तरी अजून भेटलेली नाही. केडगाव म्हणजे पुणे-दौंड लोहमार्गावरचं एक साधंसं स्टेशन. दौंडची पॅसेंजर पकडायची आणि हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी, यवत, खुटबाव अशी स्टेशनं मोजत बसायचं. खुटबाव गेलं की पिशव्या हातात घ्यायच्या. मोटारीने जायचं तर सोलापूर रस्त्याने चौफुल्यापर्यंत जाऊन आत वळायचं. पुण्यापासून पन्नास-साठ किलोमीटर, त्यापेक्षा जास्त नाही.

वाटेवर बघण्यासारखं काय, असं विचाराल तर ऊस. दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. गुऱ्हाळं चालू असण्याच्या दिवसांत गेलात तर गाडीच्या खिडकीतून काकवीचा गोड वास येतो आणि घरून निघताना पोटभर खाल्लेलं असलं तरी भूक लागते. भाविक मंडळी या बाजूला येतात ती बहुधा बेट केडगावच्या नारायण महाराजांच्या दत्तमंदिरासाठी. आम्ही मात्र निघालो होतो स्टेशनाच्या गावातल्या ‘मुक्ती’त, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये.

‘आम्ही’ म्हणजे मी आणि माझी आत्या. आत्या नगरची (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तिच्या तोंडी नगरच बसलंय). परिचारिकेच्या नोकरीतून निवृत्त झालेली, वय सदुसष्ट, गुडघे कुरकुरणारे, पण पायाला भिंगरी. मुक्तीतल्या म्हाताऱ्या बायकांना द्यायला तिने मऊ झालेल्या सुती साड्यांचं एक गाठोडं बांधलं होतं. ‘मला एकटीला हे उचलायचं नाही, तू चल,’ एवढंच ती फोनवर म्हणाली. गाठोडं खरं म्हणजे हमालाच्या पाच मिनिटांचं काम होतं. मला बरोबर नेण्याचं कारण वेगळं होतं आणि ते आम्हां दोघींनाही माहीत होतं.

ते कारण आता सांगायला हवं, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही. आम्ही मराठी ख्रिस्ती, पाच पिढ्यांचे. आमच्या घरात संध्याकाळी दिवे लागले की प्रार्थना आणि रविवारी सकाळी इस्त्रीची साडी नेसून चर्च, याला कधी खंड नव्हता. २०२२ साली माझा धाकटा भाऊ रक्ताच्या कर्करोगाने गेला. एकतीस वर्षांचा होता. सहा महिने तो दवाखान्यात होता आणि सहा महिने आमची सगळी मंडळी त्याच्यासाठी प्रार्थना करत होती. उपास झाले, रात्रभर जागून प्रार्थना झाल्या. आई तर जेवायची फक्त संध्याकाळी. आणि तो गेला.

त्यानंतर भेटायला आलेल्यांपैकी एक-दोघी म्हणाल्या, ‘देवाची इच्छा.’ त्याचं मला तितकं वाटलं नाही. पण एक बाई म्हणाल्या, ‘आपला विश्वास कुठेतरी कमी पडला.’ त्या वेळी आई शेजारीच बसली होती. सहा महिने एका वेळच्या जेवणावर राहिलेली माझी आई ते ऐकून खाली मान घालून बसली. त्या क्षणी माझ्या आत काहीतरी तुटलं, ते जुळेचना.

मी चर्चला जाणं सोडलं नाही. सगळ्यांबरोबर उभी राहायची, गीताचं पुस्तक उघडायची, ओठ हलवायची. आवाज मात्र फुटत नसे. घरच्या प्रार्थनेत माझी पाळी आली की ‘आज तुम्ही करा’ म्हणून यजमानांकडे ढकलायची. ते बिचारे काही न विचारता करायचे. पण तिसरीतली आमची मुलगी थोडीच गप्प बसते! तिने एका रात्री विचारलं, ‘आई, मामासाठी आपण एवढी प्रार्थना केली, मग देवाने ऐकलं का नाही?’ मी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देणं हा माझा रोजचा धंदा. त्या रात्री ‘झोप आता’ याखेरीज एक शब्द माझ्याजवळ नव्हता.

मैत्रिणींनो, तुमचा देव वेगळा असेल, पण हा अनुभव तुमच्याही घरी आला असेल. नवस केला, सोमवार धरले, पोथी वाचली आणि तरीही घरातलं माणूस हातून गेलं. मग देवघरासमोर बसलं तरी फुलं नुसती वाहिली जातात. हात चालतो आणि मन दाराबाहेर उभं असतं. लोकांना हे सांगायची सोय नसते. सांगितलं तर एक तर उपदेश मिळतो, नाही तर ‘ही आता देव मानत नाही’ अशी बातमी गावभर होते.

गाडीत आत्याने डबा उघडला. बाजरीची भाकरी, ठेचा, मेथीची पीठ पेरून भाजी. उरुळी येईपर्यंत आम्ही जेवून मोकळ्या झालो. मग ती म्हणाली, ‘रमाबाईंचं तुला काय काय माहीत आहे?’ मी शाळेत शिकवते तेवढं घडाघडा सांगितलं. जन्म १८५८, वडील अनंतशास्त्री डोंगरे, वडिलांनी बायकोला आणि आईने मुलीला संस्कृत शिकवलं, १८७८ साली कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या, विधवांसाठी शारदा सदन, केडगावला मुक्ती. आत्या म्हणाली, ‘हे झालं पुस्तकातलं. बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांचं देवाशी आणि चर्चशी किती भांडण झालं, ते कोणी सांगितलं का तुला?’

ते मला कोणीच सांगितलं नव्हतं. आमच्याकडे रमाबाईंचं नाव घेतात ते थोर श्रद्धेचा नमुना म्हणून. शंका आणि रमाबाई हे दोन शब्द एका वाक्यात मी कधी ऐकलेच नव्हते.

केडगाव स्टेशनापासून मुक्ती लांब नाही. आत शिरताच प्रथम जाणवते ती झाडांची सावली. रमाबाईंनी इथली जमीन घेतली तेव्हा हा माळ होता. फळझाडं लावायची, बाग धरायची आणि तिच्या उत्पन्नावर संस्था चालवायची, असा त्यांचा हिशेब होता. पण बाग फळाला येण्याआधीच दुष्काळ आला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि पुढे १९०० च्या सुमारास गुजरातेतून त्यांनी उपाशी, निराधार मुली-बायका इथे आणल्या. ‘मुक्ती’ हे नाव १८९८ सालचं. एक काळ असा होता की या आवारात सुमारे दोन हजार बायका-मुली राहत होत्या. दोन हजार माणसांचा स्वयंपाक, धुणी, आजारपणं! आपल्याकडे चार पाहुणे आले तर आपण गॅस सिलिंडरकडे बघतो. इथे शेती होती, विणकाम होतं, आणि छापखाना होता, ज्यात खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामं बायकाच करत. आजही इथे निराधार मुली, अंध बायका आणि म्हाताऱ्या यांना आसरा मिळतो.

गाठोडं कार्यालयात देऊन आम्ही एका झाडाखालच्या कट्ट्यावर बसलो आणि आत्याने मला पत्रांची गोष्ट सांगितली. घरी परतल्यावर मी ती पत्रं ग्रंथालयातून आणून वाचली, तेव्हा इथे दोन्ही मिळून लिहिते.

रमाबाईंचा विश्वास पहिल्यांदा मोडला तो सोळाव्या वर्षी. १८७४ च्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या आत गेली, उपासमारीने. पुराणं सांगत, तीर्थं करत फिरणारं हे कुटुंब होतं. व्रतं, दानं सगळं करून झालं होतं. पुढे भाऊही गेला. मग लग्न केलं, मुलगी झाली, आणि दोन वर्षं पुरी व्हायच्या आत १८८२ साली पटकीने पती गेले. चोविसाव्या वर्षी कडेवर मनोरमा घेऊन त्या पुण्यात आल्या आणि १८८३ साली इंग्लंडला गेल्या. बरोबर आनंदीबाई भगत नावाच्या सोबतीण होत्या. तिथे त्यांचा दुःखद अंत झाला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

गोष्टी इथे संपतात. ‘आणि मग त्या सुखाने श्रद्धेत राहिल्या.’ पण खरी गंमत इथून पुढे आहे. बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाई प्रश्न विचारायच्या थांबल्याच नाहीत. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिन्ही मिळून एकच देव कसा? चर्च सांगतं ते सगळं बुद्धीला न पटताही मानायचं का? त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांना वाटे, की हा हट्ट आहे, गर्व आहे. दोघींत पत्रांवर पत्रं झाली, आणि ती काही गोडीगुलाबीची नाहीत. रमाबाईंनी स्पष्ट कळवलं, की एका पुरोहितवर्गाचं जोखड उतरवून मी आले ते दुसरं मानेवर घ्यायला नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन शब्द कशाला, संस्कृत का नकोत, असंही त्यांनी विचारलं. लेकीला अंडी खायला घालायची की नाही यावरूनसुद्धा वाद झाला! हे वाचून मला तर त्या एकदम ओळखीच्या वाटायला लागल्या.

आणि मग येतात डोरोथिया बील. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजच्या मुख्याध्यापिका. १८८४ पासून दोन वर्षं रमाबाई त्यांच्याकडे शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. बीलबाईंची स्वतःची श्रद्धा पक्की होती, पण त्याही एकदा अंधारातून गेलेल्या होत्या. त्यांनी रमाबाईंना गप्प केलं नाही. त्यांच्या शंकांना त्या पत्रातून सविस्तर उत्तरं देत, पुन्हा शंका आली तर पुन्हा लिहीत. आणि वाँटेजच्या मंडळींनाही समजावत, की ही बाई विचार करणारी आहे, तिला नुसतं ‘मान’ म्हणून चालणार नाही, तिच्या विचाराच्या वाटेनेच जाऊ द्या.

सगळ्या प्रश्नांची उत्तरं मिळाली का? नाही. १८८६ साली रमाबाई इंग्लंड सोडून अमेरिकेला गेल्या, तिथून परतून १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, तरी आतला शोध चालूच होता. बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांच्या मनाला स्वस्थता आली. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की तोवर ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण खुद्द ख्रिस्त भेटला नव्हता. आठ वर्षं! म्हणजे ज्या बाईंचा दाखला देऊन आम्हांला विश्वास शिकवतात, त्या बाप्तिस्मा घेऊनही आठ वर्षं अर्ध्या वाटेवर होत्या.

आणि ज्यांच्याशी भांडण झालं त्या सिस्टर जेराल्डीन? त्यांनी संबंध तोडला नाही. ती सगळी भांडणाची पत्रं त्यांनीच जपली, एकत्र केली. म्हणून ती १९७७ साली मुंबईत छापली गेली आणि माझ्या हाती आली. न पटणाऱ्या माणसाची पत्रं कोणी इतकी वर्षं सांभाळून ठेवतं का, सांगा बरं!

दुपारी आम्ही म्हाताऱ्या बायकांकडे गेलो. एक आजी व्हरांड्यात बसून ताटात तांदूळ निवडत होत्या. आत्याने ओळख करून दिली, ‘ही माझी भाची. हिचा भाऊ गेला.’ मी मनातल्या मनात तयारी केली, की आता उपदेश येणार. आजींनी हातातला खडा बाजूला टाकला आणि विचारलं, ‘काय नाव होतं गं त्याचं?’

मी नाव सांगितलं. आजींनी ते एकदा म्हणून पाहिलं, लहान मुलाचं नाव घ्यावं तसं. मग ‘काय आवडायचं त्याला खायला?’ म्हणून विचारलं. मी म्हटलं, ‘शेंगदाण्याची पोळी. गरम असतानाच पळवायचा.’ आजी हसल्या. मी पण हसले, आणि हसता हसता रडायला लागले. इतक्या दिवसांत त्याचं नाव मला कोणी विचारलं नव्हतं. सगळे जपून, नाव टाळून बोलायचे. आजींनी ताट माझ्याकडे सरकवलं. मीही तांदूळ निवडत बसले. त्यांनी देवाचं नाव काढलं नाही की माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली नाही. फक्त आम्ही उठलो तेव्हा त्या म्हणाल्या, ‘आज रात्री त्याचं नाव घेईन हं मी.’

परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून चर्चमध्ये जाऊन बसलो. आत गारवा होता, माणूस कोणी नव्हतं. आत्याने पिशवीतून तिचं जुनं बायबल काढून ८८ वं स्तोत्र उघडलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. स्तोत्रसंहितेत रडगाण्याची स्तोत्रं पुष्कळ आहेत, पण ती बहुतेक शेवटी वळण घेतात, देवाचे आभार मानतात. हे एक घेत नाही. रात्रंदिवस हाक मारतोय, तू तोंड का फिरवलंस, असं विचारत विचारत ते अंधारातच संपतं. मी म्हटलं, ‘आत्या, हे बायबलात ठेवलं कसं कोणी?’

ती म्हणाली, ‘तुझ्यासारखीला लागेल म्हणून.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘मला काय वाटतं, मी पोराला अंगाखांद्यावर खेळवलं नव्हतं? मी पण त्याच्याशी धड बोलत नाही अजून. पण त्याच्या पुढ्यात येऊन बसते. रुसलेलं लेकरू रुसून जातं कुठे? आईच्याच पदराआड ना?’

तेव्हा मला आमच्या शाळेतला माझा नेहमीचा तास आठवला. विठोबाशी भांडणारी, त्याला चार शब्द सुनावणारी जनाबाई मी मुलांना किती प्रेमाने शिकवते! तुकोबाही देवाला जाब विचारतातच. आमचे नारायण वामन टिळक म्हणत, की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो. मग तो भांडायचा हक्कही त्या पुलावरून आमच्याकडे आलाच असला पाहिजे. भांडण म्हणजे नातं तुटणं नव्हे. बायकांना हे वेगळं सांगायला नको.

आता तुम्ही विचाराल, की केडगावहून आल्यावर सगळं ठीक झालं का? असं काही झालं नाही. माझा प्रश्न होता तिथेच आहे. भाऊ का गेला हे मला आजही कळलेलं नाही. पण दोन-तीन गोष्टी घडल्या.

एक म्हणजे मी आमच्या पाळकसाहेबांना सांगून टाकलं, की मला प्रार्थना करता येत नाही. वाटलं होतं, ते वचनं काढून दाखवतील. ते संध्याकाळी घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, ‘तुम्हाला जमेपर्यंत आम्ही करू. मंडळी असते कशाला?’ दुसरं म्हणजे, चर्चमधल्याच आणखी दोघींचं असं झालंय हे मला कळलं. एकीचं मूल पोटातच गेलं, दुसरीचे यजमान करोनात. दर गुरुवारी दुपारी मुलं शाळेतून यायच्या आत आम्ही तिघी माझ्या स्वयंपाकघरात जमतो. एखादं स्तोत्र वाचतो, बरेचदा तक्रारीचंच. ज्या दिवशी जिला गावंसं वाटेल तिने गावं, नसेल तर शेंगा सोलाव्या. असा आमचा नियम आहे. गेल्या महिन्यात मी दोन कडवी गायले. आवाज पार गंजला होता.

आणि लेकीने परत तोच प्रश्न विचारला, तेव्हा मी तिला म्हटलं, ‘मला माहीत नाही गं. मी पण देवाला तेच विचारतेय. आपण दोघी मिळून विचारू.’ तिला ते पटलं असावं. आता तिच्या प्रार्थनेत तो प्रश्न रोज असतो, शेवटी, परीक्षेच्या मार्कांच्या नंतर.

कोणाच्या घरी असं दुःख झालं, तर मैत्रिणींनो, ‘देवाची इच्छा’ हे शब्द ओठांवर येतात. पण ते गिळून गेलेल्या माणसाचं नाव घ्या, त्याला काय आवडायचं ते विचारा. समोरचीने देवावर राग काढला तर तो काढू द्या. देव तेवढं सोसतो. जमलं तर जाताना डबा न्या. दुःखाच्या घरात कोणाला काय घास जाईल याचा नेम नसतो, तेव्हा भाजी कमी तिखट असू द्या.

केडगावला जायचं असेल तर थंडीचे दिवस बरे. उन्हाळ्यात तो भाग तापतो. मुक्तीत जाण्याआधी कार्यालयाशी बोलून परवानगी घ्यावी. तिथे मुली आणि बायका राहतात, ते त्यांचं घर आहे, तेव्हा उगीच दारं-खिडक्यांतून डोकावू नये आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी इथेच गेल्या. त्याआधी नऊ महिने, जुलै १९२१ मध्ये, त्यांची एकुलती एक मनोरमा गेली होती. त्या नऊ महिन्यांतही त्यांनी आपलं बायबलच्या मराठी भाषांतराचं काम सोडलं नाही. मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं ते भाषांतर त्यांच्या मागे १९२४ साली प्रसिद्ध झालं. द्यायचं असेल तर साड्या सुती आणि मऊ द्या, म्हाताऱ्या अंगाला टोचत नाहीत. आणि परतीच्या गाडीची वेळ स्टेशनावर उतरल्याउतरल्याच विचारून ठेवा. आमची चाळीस मिनिटं उशिरा आली, पण आत्याच्या पिशवीत अजून दोन भाकऱ्या होत्या.